शेजारी कोण बसतं?

यंदाच्या अंकाचं सूत्र 'सोबत' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला आधी प्राथमिक शाळा आठवली. नात्यागोत्याबाहेरच्या माणसाशेजारी रोज काही तास बसायची वेळ आपल्यावर पहिल्यांदा येते ती तिथं. हा शेजारी कोण असेल, हे सहा वर्षांचं मूल ठरवत नाही. ते शाळा ठरवते, आईवडील ठरवतात आणि पुष्कळदा घराचा पत्ता ठरवतो. वेगळ्या जातीधर्माच्या, भाषेच्या, ऐपतीच्या, शरीराच्या मुलांनी एकत्र शिकावं, असं कायदा सांगतो, धोरण सांगतं, पाठ्यपुस्तकंही सांगतात. वर्गात ते कसं घडतं, हे पाहायला मी इंदूरला गेले.

इंदूरच का, तर होळकरांच्या या शहरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. माळवी आणि निमाडी बोलणारी माणसं आहेत, फाळणीनंतर आलेले सिंधी आहेत, बोहरा व्यापारी आहेत. शहर चहूबाजूंनी वाढत गेलं, तशी झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडची भिल्ल आणि भिलाला कुटुंबं बांधकामांवर येऊ लागली. शिवाय महू इथून अगदी जवळ. 14 एप्रिल 1891 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तो तिथं. शाळेत कोण कुणाशेजारी बसतं, हा प्रश्न ज्यांनी लहानपणी अंगावर झेलला, त्यांचं हे जन्मगाव.

पानिया कसा करतात?

शहराच्या कडेची एक सरकारी प्राथमिक शाळा. भोवती उंच इमारतींचे सांगाडे, आणि त्यांवर राबणाऱ्यांचीच बरीचशी मुलं वर्गात. तिसरीच्या मॅडमनी प्रश्न टाकला, तुमच्या घरी सणाला काय करतात? "दाल-बाफले!" चार-पाच आवाज एकदम आले. एकानं शेवया सांगितल्या, बुऱ्हाणपूरकडच्या एका मुलानं पुरणपोळी. मागच्या ओळीतली एक मुलगी पुटपुटली, "पानिया." वर्ग हसला.

मॅडम हसणाऱ्यांवर ओरडल्या नाहीत. खडू टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "मुझे भी बनाना नहीं आता. तू बता, कैसे बनाते हैं?" मुलगी उभी राहिली, पण बोलेना. मग तिचे हात चालू लागले. मक्याचं पीठ मळलं, तळव्यावर थापलं, खाली पान, वर पान, आणि सरळ गोवऱ्यांच्या आरात. एका मुलानं विचारलं, "पत्ता जलता नहीं?" "जलता है," ती म्हणाली, "तभी तो अंदर सिकता है." पुढच्या ओळीतल्या दोघी एव्हाना मागे वळून बसल्या होत्या. पान कुठल्या झाडाचं, गोवऱ्या तू थापतेस का, सोबत काय खायचं, असे प्रश्नांवर प्रश्न सुटले. खानदेशात किंवा विदर्भात ज्यांनी पानगे खाल्लेत, त्यांना ही सगळी कृती ओळखीची वाटेल.

शाळा सुटल्यावर मॅडम म्हणाल्या, "हसण्यावर रागावले असते तर पोरं गप्प झाली असती. पण ती मुलगी परत कधी बोलली नसती." त्यांनी वर्ग काही मिनिटांसाठी तिच्या हाती दिला. तेवढा वेळ त्या खोलीत सगळ्यांत जास्त तिला कळत होतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

अशा मुलांवर दुहेरी ओझं असतं. घरी भिलाली किंवा भिली, शाळेत हिंदी पुस्तक. अक्षर ओळखायचं आणि भाषाही त्याच वेळी शिकायची. मूल उत्तर देत नाही, तेव्हा त्याला गणित येत नाही की प्रश्नच कळलेला नाही, हे शिक्षकाला शोधावं लागतं. मध्य प्रदेशात या कामाची जुनी परंपरा आहे. 1982 साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेनं प्राथमिक शिक्षणाचा आपला कार्यक्रम उभा करताना मुलांची स्वतःची बोली, त्यांच्या घरच्या गोष्टी, त्यांचे खेळ इथूनच सुरुवात केली. 'खुशी-खुशी' ही त्या कार्यक्रमाची पुस्तकं. त्यामागचं म्हणणं एवढंच होतं, की मूल रिकामं येत नाही. ते आपलं जग बरोबर घेऊन येतं आणि ते जग वर्गात उघडायला जागा हवी.

मजुरांची मुलं वर्षभर एका जागी नसतात. होळीच्या आधी भगोरियाचे बाजार भरतात तेव्हा कुटुंबं गावी जातात, पेरणीला जातात, एक इमारत संपली की शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळेला अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं, आणि आधीच्या शाळेचा दाखला आला नाही या कारणानं प्रवेश अडवता येत नाही. पण कागदावर नाव चढलं म्हणजे मूल वर्गात सामावलं, असं होत नाही. या मॅडम नव्या मुलाला पहिल्या आठवड्यासाठी एक 'साथी' लावून देतात. पाण्याचा नळ कुठं, संडास कुठं, मध्यान्ह भोजनाची ताटली कुठून घ्यायची आणि कुठं धुवायची, हे साथीनं दाखवायचं. "पहिल्या दिवशी पोराला संडास सापडला नाही, तर दुसऱ्या दिवशी ते येत नाही," त्या म्हणाल्या. सामावून घेण्याची सुरुवात इतक्या बारीक गोष्टीपासून होते.

गोणपाट आणि नळ

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात शाळेतले दिवस नोंदवून ठेवले आहेत. बाकीची मुलं तहान लागली की मास्तरांना विचारून नळावर जात, तोटी सोडत, पाणी पीत. बाबासाहेबांना तोटीला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट, तेही वेगळ्या कोपऱ्यात. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं.

अस्पृश्यता पाळा, असा धडा त्या शाळेच्या कुठल्याही पुस्तकात नसेल. तो धडा नळ देत होता, बसायची जागा देत होती. आणि तो एकट्या भीमरावाला मिळत नव्हता. तोटी बिनदिक्कत सोडणारी बाकीची मुलंही तोच धडा रोज गिरवत होती. लहान मुलं उपदेशापेक्षा मांडणीतून शिकतात, याचा याहून कठोर पुरावा शोधायची गरज नाही.

म्हणून ज्यांना हे बदलायचं होतं त्यांनी मांडणीलाच हात घातला. राजर्षी शाहू महाराजांनी 1919 साली कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केलं. त्या मिशनच्या पुण्यातल्या वास्तूला अहिल्याबाईंचं नाव मिळालं ते इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या देणगीमुळे. अहल्याश्रम तो हाच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली, जिथं गुरं तिथं शाळा.

इंदुरात हे काम शालिनीताई मोघे यांनी उभं केलं. 1947 साली त्यांनी बालनिकेतन सुरू केलं आणि माँटेसरी पद्धत या शहरात रुजवली. 1968 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2011 साली त्या गेल्या. त्या पद्धतीतली एक गोष्ट या विषयाच्या दृष्टीनं फार मोलाची आहे. माँटेसरीच्या वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवतात. ठोकळ्यांचा मनोरा हवा असेल आणि तो दुसऱ्याच्या हातात असेल, तर थांबायचं. तो दुसरा कुणाचा मुलगा आहे, हा प्रश्नच येत नाही. त्याचं होईपर्यंत थांबायचं. चार वर्षांच्या मुलाला समतेवर भाषण दिल्यानं जे साधणार नाही, ते या थांबण्यानं साधतं.

लॉटरीतली जागा

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं, म्हणजे आरटीईनं, विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवायला लावल्या. सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली ही तरतूद उचलून धरली. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा मात्र वगळल्या. मध्य प्रदेशात या जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरतात, आसपासच्या शाळांचा पसंतीक्रम देतात, कागदपत्रं तपासून घेतात आणि संगणकाची लॉटरी निघायची वाट पाहतात. नंबर लागला की घरात पेढे वाटले जातात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

एका खासगी शाळेच्या पहिलीत मी सोमवारी सकाळी बसले होते. मुलं आत आली आणि दाराशी लावलेल्या तक्त्यात आपलं नाव शोधू लागली. इथं दर सोमवारी शेजारी बदलतो. वर्गशिक्षिकेला विचारलं, यातली आरटीईची मुलं कुठली? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. ती यादी ऑफिसात राहते, वर्गात येत नाही." पुढे मुख्याध्यापिकांनी बाकीचं सांगितलं. वाढदिवसाला घरून भेटवस्तू वाटायच्या नाहीत, वर्गानं मिळून गाणं म्हणायचं. स्नेहसंमेलनाचे कपडे शाळा भाड्यानं आणते, पालकांकडून शिवून घेत नाही. सहलीच्या पैशांची बातचीत मुलांसमोर होत नाही. यांतला प्रत्येक नियम एखादा प्रसंग घडून गेल्यावर आला होता. खोडरबर महागाचं की साधं, डबा स्टीलचा की रंगीत, घ्यायला मोटार येते की वडील सायकलवरून येतात, हे सहा वर्षांचं मूल बरोबर टिपतं. शाळेनं लक्ष ठेवलं नाही, तर मुलं स्वतःच आपापल्या रांगा लावून घेतात.

अशा सहवासानं संपन्न घरच्या मुलांचं काय होतं? अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतल्या खासगी शाळांत हे तपासलं. त्यांचा निबंध 2019 साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झालेली दिसली, आणि गरीब मुलांशी भेदभाव करण्याचं त्यांचं प्रमाण कमी झालं. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायची वेळ आली, तेव्हा जोरात धावणारा गरीब मुलगा सोडून हळू धावणारा श्रीमंत मुलगा घेण्याचा ओढा त्यांच्यात कमी होता. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या वर्णानुक्रमानं पाडले जात. कुणाच्या गटात गरीब मूल येणार, हे निव्वळ योगायोगानं ठरे. त्यावरून रावांना दिसलं, की नुसतं एका वर्गात असण्यापेक्षा एका गटात मिळून काम केल्याचा परिणाम मोठा असतो. अभ्यासावरचा परिणामही त्यांनी लपवला नाही: हिंदी आणि गणितात फरक नाही, इंग्रजीत थोडी घट, आणि तोंडी शिव्या थोड्या जास्त. पालकांना वाटणाऱ्या भीतीच्या मानानं ही किंमत फार लहान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या 25 टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द ठरवला. सोमवारी शेजारी बदलणारा तो तक्ता पाहिल्यावर न्यायालयानं काय वाचवलं, ते नीट समजतं.

कचरागाडी आणि पाचवीचा वर्ग

इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात देशात वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं. शहराला त्याचा सार्थ अभिमान आहे आणि सफाई कामगारांना इथं 'सफाई मित्र' म्हणतात. पण या मित्रांची मुलं शाळेत जातात, तेव्हा वर्गात त्यांचे मित्र किती असतात? जुन्या वस्तीतल्या एका सरकारी शाळेतल्या पाचवीच्या शिक्षिकेनं सांगितलं, की एका मुलाला बाकीचे त्याच्या आईच्या कामावरून चिडवत होते. त्यांनी चिडवणाऱ्यांना शिक्षा केली नाही. पर्यावरणाचं एनसीईआरटीचं जुनं पुस्तक कपाटातून काढलं.

अनिता रामपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेली 'आस-पास' ही ती पुस्तकमाला. पाचवीच्या पुस्तकात 'कौन करेगा यह काम' हा सफाईच्या कामावरचा पाठ आहे. 'जाएँ तो जाएँ कहाँ'मध्ये गाव उठवला गेल्यावर मुंबई गाठणारं कुटुंब आहे, 'फिर चला काफिला'मध्ये ऊसतोडीला निघालेलं घर आहे, 'फाँद ली दीवार'मध्ये मुंबईच्या नागपाड्यातल्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली आहेत. दहा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न कळतात, असा विश्वास त्या पुस्तकांनी दाखवला. नव्या शिक्षण धोरणानंतर त्यांची जागा नव्या पुस्तकांनी घेतली. या शिक्षिकेनं आपली प्रत जपून ठेवली आहे.

पाठ वाचून झाल्यावर मुलांनी प्रश्न लिहिले आणि सकाळी फाटकापाशी येणाऱ्या कचरागाडीवरच्या ताईंना ते विचारले. किती वाजता उठता? हाताला काय लागतं? आम्ही काय केलं तर तुमचं काम सोपं होईल? त्या ताईंनी सांगितलं, फुटलेली काच उघडी टाकू नका, हातमोजा फाडून ती आत जाते. दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या घरच्या काचा कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून येऊ लागल्या. चिडवणं एका दिवसात थांबलं नाही, असं शिक्षिका प्रामाणिकपणे म्हणाल्या. पण ज्याला चिडवायचे, त्या मुलाला आता गाडीच्या वेळा आणि वेगवेगळे डबे यांची माहिती विचारतात, आणि तो ती ऐटीत देतो.

हातांची भाषा

ऑक्टोबर 2015 मध्ये पाकिस्तानातून भारतात परत आलेली गीता वाचकांना आठवत असेल. बोलता-ऐकता न येणारी ही मुलगी लहानपणी सीमेपार पोहोचली होती. परतल्यावर ती इंदुरात राहिली आणि सांकेतिक भाषेचे जाणकार ज्ञानेंद्र पुरोहित यांनी तिच्या आठवणींचे धागे जुळवत तिचं घर शोधायला मदत केली. तो शोध शेवटी आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोहोचला. हरवलेल्या मुलीला आपलं गाव सांगता आलं नाही, कारण सांगायला भाषाच कुणी दिली नव्हती. कर्णबधिर मुलाला वेळेवर भाषा मिळणं म्हणजे काय, हे यावरून कळावं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकारची दिव्यांगता मानली आणि शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली. प्रत्यक्षात एक फिरती विशेष शिक्षिका अनेक शाळा सांभाळते. मी पाहिलेल्या दुसरीच्या वर्गात ती आठवड्यातून एकदाच येते. बाकीचे दिवस त्या वर्गातल्या कर्णबधिर मुलाचं कसं चालतं? तर वर्ग शिकलाय. पाणी, भूक, घर, थांब, माझी पाळी, या खुणा सगळ्यांना येतात. 2018 साली भारतीय सांकेतिक भाषेचा 3,000 शब्दांचा कोश निघाला. त्याच्या चित्रफिती विशेष शिक्षिका मोबाइलवर दाखवते आणि मुलं तिच्याआधी पाठ करतात. मी असताना खिडकीपाशी बसलेला तो मुलगा आणि दाराजवळची एक मुलगी, मॅडमची पाठ फिरताच, खोलीच्या दोन टोकांवरून खुणांनी गप्पा मारत होती. वर्गात बोलल्याबद्दल दोघांनाही सारखाच दम मिळाला. समावेश म्हणतात तो हाच.

घरी काय बोललं जातं

'विविधतेत एकता'चे कार्यक्रम आपल्या शाळांत पुष्कळ होतात. एक मुलगी नऊवारीत, एक मुलगा पगडीत, एकाच्या डोक्यावर टोपी, एकाच्या हाती धनुष्यबाण. फोटो सुरेख येतात. पण धनुष्यबाण धरलेलं मूल भिल्लाचं नसतं, आणि भिल्लाचं मूल प्रेक्षकांत मागे बसलेलं असतं. वेशभूषा तासाभरात उतरते. शेजार वर्षभर टिकतो. शाळांनी आपली मेहनत शेजारावर खर्च करावी.

मुलांच्या मनाबद्दल आपण उगाच निराश होतो. महेश श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या हिंदू आणि मुस्लिम मुलांना एकमेकांच्या धर्मातल्या नियमांविषयी विचारलं. आपला नियम आपल्याला, त्यांचा त्यांना, आणि तो दुसऱ्यावर लादणं बरं नाही, असं मुलांच्या उत्तरांतून पुढं आलं. ही समज मुलांकडे असते. ती मोडतो आपण मोठी माणसं, जेवताना सहज बोललेल्या वाक्यांतून. तिसरीच्या त्या मॅडम म्हणाल्या होत्या, "अमक्याच्या डब्यातलं खाऊ नको, असं पोराला घरून सांगून पाठवतात. आम्ही पाच तास जे शिकवतो, ते पाच मिनिटांत धुऊन निघतं."

म्हणून हे वाचणाऱ्या आईबाबांना आणि आजीआजोबांना एक विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरेल, तेव्हा टक्क्यांच्या आधी काही वेगळे प्रश्न विचारा. वर्गात शेजारी कसे ठरतात, कधी बदलतात? आरटीईच्या मुलांची यादी कुणाकुणाला ठाऊक असते? दिव्यांग मुलासाठी शाळेत काय सोय आहे? सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, असं कायदा सांगतो. त्या जागा भरल्यात का, तेही पाहा. आणि आपल्या मुलाला विचारा, तुझ्या शेजारी कोण बसतं, त्याच्या घरी सणाला काय करतात? त्याला उत्तर येत नसेल, तर त्या मुलाला एक दिवस फराळाला घरी बोलवा.